चाळणीखालची नावं

नावं वीस होती. कालिंदीनं ती आधी वरून खाली मोजली, मग खालून वर मोजली, आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा वरून खाली. वीसच. सौ. व श्री. अशी दहा जोडपी, पत्रिकेच्या उजव्या पानावर दोन सरळ रांगांत कवायतीला उभी केल्यासारखी. नऊ वर्षं ज्याच्याशी बोलणं नव्हतं तो दादरचा चुलतभाऊ बायकोसकट हजर होता. वडाळ्याचे मामा-मामी होते, जे लग्नाला येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कालिंदी नव्हती.

पत्रिका तिच्या भाचीची होती. श्रेया, धाकट्या भावाची, अजितची एकुलती एक मुलगी. लालबागच्या ज्या घरातून श्रेया सासरी जायची होती त्याच घरात कालिंदी एक्कावन्न वर्षं राहत होती. अजितच्या आधी तीन वर्षं आली होती, म्हणजे हिशेबानं पहिला हक्क तिचाच. लग्न तिनं केलं नाही. सुरुवातीला का नाही, असं लोक विचारत. मग विचारेनासे झाले. आणि पुढे तर ती कुणाची तरी विधवा असावी असं नव्या शेजाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तिनं त्यांचाही हिरमोड केला नाही.

गुरुवारचे साडेदहा वाजले होते. फणसवाडीतल्या रेग्यांच्या पत्रिकांच्या दुकानात पंखा, मागच्या खोलीतलं मशीन आणि कालिंदी या तीन गोष्टी अठ्ठावीस वर्षं चालू होत्या. ती टायपिंगच्या परीक्षेच्या जोरावर इथं चिकटली. आधी नुसती अक्षरजुळणी. मग दुकानाची वेबसाइट झाली, आणि ती बांधून देणारा मुलगा कॅनडाला निघून गेल्यावर त्यानं मागे ठेवलेला कोड वाचत वाचत ती जावास्क्रिप्ट शिकली. तिला कुणी शिकवलं नाही. शिकू नको असंही कुणी म्हणालं नाही, आणि एवढ्यावर तिच्या पिढीच्या बायकांनी पुष्कळ काही केलं आहे.

काम सोपं होतं. गिऱ्हाइकानं घरबसल्या फोनवर फॉर्म भरायचा: नवरा-नवरी, मुहूर्त, हॉल, आणि निमंत्रकांची यादी. आतलं टेम्प्लेट इंजिन ती माहिती उचलून निवडलेल्या साच्यात भरतं. साच्यात जिथं नाव यायचं तिथं महिरपी कंसांची जोडी वाट बघत उभी असते. इंजिन तिथं नाव ठेवतं आणि कंस निघून जातात. लग्नातल्या आचाऱ्यासारखे. त्यांनी काय केलं ते पंगतीला कधी कळत नाही.

अडचण एवढीच होती की साचे एकशे चाळीस, आणि प्रत्येकाच्या पोटात त्याची त्याची वेगळी अक्कल. एकात विधवा आजीसाठी वेगळी ओळ, दुसऱ्यात वारलेल्या आजोबांसाठी वेगळी खटपट, तिसऱ्यात दोन्ही विसरलेलं. एक चूक सापडली की ती एकशे चाळीस ठिकाणी शोधायची. म्हणून गेला पावसाळाभर कालिंदीनं दुपारी डबा खाता खाता फंक्शनल प्रोग्रॅमिंगवरचे व्हिडिओ बघितले. एक दाढीवाला गोरा माणूस त्यात फळ्यावर बाण काढत असे. तिला त्याचं निम्मं इंग्रजी कळलं, पण बाण सगळे कळले.

त्यातून तिनं इंजिनाला मदतनीस बसवले. छोटी छोटी फंक्शनं, प्रत्येकाला एकच काम. एकानं यादी गाळायची. दुसऱ्यानं प्रत्येक नावाआधी योग्य ते लावायचं. तिसऱ्यानं घरची माणसं आधी घेऊन वयाप्रमाणे रांग करायची, चौथ्यानं मध्ये 'व' घालून नावं जोडायची. एकाच्या हातचं दुसऱ्याच्या हातात, आणि शेवटच्या हातून साच्यात. साचा अडाणी, अक्कल सगळी बाहेर, आणि ती एकाच जागी. सगळ्यांना शपथ मात्र एकच घातलेली: मूळ यादीला हात लावायचा नाही. तिच्याकडे बघून नवी यादी करायची, मूळ होती तशी राहिली पाहिजे.

मालक विनीत रेगे याला तो हाफपँटीत असल्यापासून ती ओळखत होती. त्यानं विचारलं होतं, "कालिंदीताई, हे फंक्शनल, तर आधीचं काय नुसतं शोभेचं होतं?" त्याचं म्हणणं एवढंच होतं की चालत्या गाडीला हात कशाला लावायचा. तिनं लावला. सोमवारी सकाळी नवे मदतनीस कामावर रुजू झाले.

तिला सगळ्यांत अभिमान होता तो नावाआधी काय लावायचं हे ठरवणाऱ्या मदतनिसाचा. वारलेल्या माणसाला एका घरात 'कै.' लागतं, बौद्ध घरात 'कालकथित'. जिवंतांना तिथं 'आयु.', इथं 'श्री.' आणि 'सौ.' दुकानातल्या जुन्या पत्रिकांचे गठ्ठे उपसून तिनं तो बिनचूक केला होता. वारलेल्यांना तो यादी गाळायच्या आधीच बाजूला घेई आणि मानानं सगळ्यांच्या वर बसवी. मेलेल्या माणसाचा मान चुकला तर लग्नात जिवंत माणसं भांडतात, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

आणि आता भाचीच्या पत्रिकेत वीस नावं होती.

श्रेयानं हौसेनं बजावलं होतं, "आत्या, तू काही सांगू नकोस हां. मी बाहेरच्या कस्टमरसारखा फॉर्म भरणार." बुधवारी संध्याकाळी तिनं तो भरला, आणि प्रूफ बघण्याच्या चौकटीत 'आत्या बघेल' एवढंच लिहून मोकळी झाली. आत्या बघत होती.

मूळ यादी उघडून बघायला दोन टिचक्या पुरल्या असत्या. पण दुकानाचा एक नियम होता, थोरल्या रेग्यांच्या वेळचा. कुणी एकदा एका गिऱ्हाइकाच्या यादीत राहिलेलं नाव आपल्या शहाणपणानं भरलं, आणि ते नाव नेमकं ज्याच्यामुळं घर फुटलं त्याचंच निघालं. तेव्हापासून रेग्यांनी सांगून ठेवलेलं: गिऱ्हाइकाच्या यादीत बोट घालायचं नाही. कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही, ते त्यांच्या घरचं. कालिंदीनं हा नियम अठ्ठावीस वर्षं पाळला, आणि आज तो तिला फार सोयीचा वाटला. कारण उघडून बघितलं आणि तिथंही नसलं, तर मग संध्याकाळी कुठल्या तोंडानं घरी जायचं?

शिवाय गेल्या रविवारी एक वाक्य तिच्या कानावर पडलं होतं. ती भांडी विसळत होती, बाहेर यादी चालली होती. वहिनी, मालन, म्हणाली होती, "इतकी नावां कित्याक? जोडप्यांचीच घाला." अजित काही बोलला नव्हता. अजित कधीच काही बोलत नाही. पण त्या दिवशीचं ते न बोलणं कालिंदीनं गुरुवारपर्यंत सांभाळून ठेवलं होतं.

फोन करून विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. मागून घेतलेल्या जागेवर बसायचं ते काय? अकरा वाजता तिनं 'मंजूर' दाबलं. पत्रिका मागच्या खोलीत रामूच्या मशीनकडे गेली. बारा वाजता छपाई सुरू होणार होती. मग तिनं पुढची पत्रिका उघडली, आणि तिच्यातला हॉलचा पत्ता नेहमीपेक्षा जास्त लक्ष देऊन तपासला.

साडेअकराला दारात एक म्हातारी उभी राहिली. पांढरीशुभ्र साडी, हातात पिशवी, पिशवीत घडी घातलेला कागद. बसची पायरी उंच होती, असं तिनं कुणी न विचारताच सांगितलं, आणि खुर्चीवर बसली. परळच्या राधाबाई गमरे. एका इस्पितळात चौतीस वर्षं आया होत्या; त्यामुळं समोरच्या माणसाला आधी धीर द्यायचा आणि मग टोचायचं, ही सवय लागलेली.

"तुजं काम चांगलं हाय, बाय," त्या म्हणाल्या. "बुद्धाचा फोटो चांगला आलाय, बाबासायबांचा पण. आता ह्यात माजं नाव दाखव."

तो कागद म्हणजे त्यांच्या नातवाच्या, सम्यकच्या लग्नाची पत्रिका होती. सम्यकनं फोनवर बघून होकार दिलेला. आजीनं हट्टानं त्याला ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढायला लावली, कारण फोनवर वाचलेलं वाचल्यासारखं वाटत नाही. कालिंदीनं कागद घेतला. सगळ्यांत वर मानानं 'कालकथित कोंडीराम गमरे'. खाली आयु. मुलगे-सुना, लेकी-जावई, जोडीजोडीनं. राधाबाई कुठंच नव्हत्या.

"नातवाला इचारलं," राधाबाई म्हणाल्या, "तर म्हनतो, आजी, तसंच असतं पत्रिकेत. म्हटलं, कसं तसंच असतं? माजा मालक जाऊन एकोणीस वर्षं झाली. तो बरोबर येऊन बसला वरती. मी बस पकडून आले तरी माजा पत्ता नाय."

कालिंदीला हसू आलं, आणि हसता हसताच तिनं खुर्ची पडद्याकडे वळवली. तिनं कोड उघडला. बघायची गरज नव्हती खरं तर. पहिल्याच मदतनिसाचं नाव तिला पाठ होतं. तिनंच ठेवलं होतं. 'पूर्ण'.

लोक फॉर्म अर्धवट सोडतात. नवऱ्याचं नाव लिहितात, बायकोचं लिहायच्या आधी कुकरची शिट्टी होते. मग पत्रिकेत 'सौ.' च्या पुढं नुसती पोकळी येते. ते टाळायला तिनं चाळणी लावली: नोंद पूर्ण असेल तरच पुढं. पूर्ण म्हणजे काय? दोन्ही नावं असलेली. वारलेले आधीच बाजूला निघालेले, त्यामुळं ते सुटले. मागं राहिलेली त्यांची माणसं चाळणीवर एकटीच आली आणि अर्धवट म्हणून खाली पडली.

तपासून बघायला तिनं एक खोटं घराणं रचलं होतं. अकरा जोडपी, सगळी सुखी, आणि सन्मानानं वारलेले दोन आजोबा. त्या घराण्यात एकही विधवा नव्हती, एकही विधुर काका नव्हता, एकही बिनलग्नाची आत्या नव्हती. हातात अख्खा पावसाळा होता, आणि कालिंदीला कालिंदी सुचली नव्हती.

"चूक आमच्याकडची आहे, आजी," ती म्हणाली.

"तुमच्याकडची म्हंजे कुनाची?"

"माझी. मी एक चाळणी लावली होती. जोडी नसलेली नावं खाली पडली."

राधाबाईंनी याचा थोडा विचार केला. त्यांना राग आलेला दिसला नाही. चौतीस वर्षांत त्यांनी याहून मोठ्या चुका बघितल्या असणार, आणि त्या कबूल करणारी माणसं फारच थोडी. "पडली म्हंजे गेली?" त्यांनी विचारलं.

"नाही. चाळणीला मूळ यादीला हात लावायची परवानगी नसते. तिथं सगळं होतं तसं आहे."

"मग दाखव की."

गिऱ्हाईक स्वतःच म्हणतंय म्हटल्यावर नियम मोडण्याचा प्रश्न नव्हता. कालिंदीनं मूळ यादी उघडून पडदा त्यांच्याकडे वळवला. पहिलीच नोंद: राधाबाई कोंडीराम गमरे, आजी. राधाबाईंनी चष्म्यातून ती वाचली, बोट न लावता, ओठ हलवत. मग पिशवी मांडीवर घेऊन आरामात बसल्या. आता त्यांना चहा चालणार होता.

चहा येईपर्यंत कालिंदीनं सोमवारपासूनच्या सगळ्या याद्यांतून चाळणीखाली काय पडलं ते तपासलं. नऊ घरं, सतरा माणसं. अकरा विधवा, तीन विधुर, दोन बिनलग्नाचे काका, आणि एक आत्या.

ती शेवटची यादी तिनं उघडली तेव्हा बारा वाजायला सहा मिनिटं होती. लालबाग, घाडीगावकर. एकविसावं नाव तिथं होतं. एकविसावं नव्हे, पहिलं: कालिंदी यशवंत घाडीगावकर, आत्या. जोडीदाराचा रकाना रिकामा. त्याच्या पुढं शेऱ्याचा रकाना असतो, जो छापला जात नाही. लोक तिथं काहीबाही लिहितात. श्रेयानं लिहिलं होतं: 'आत्याचं नाव बाबांच्या वर टाका. ती मोठी आहे. आईनं मुद्दाम सांगितलंय.'

कालिंदीनं ते दोनदा वाचलं. मग 'आजी, आलेच' म्हणून ती मागच्या खोलीत गेली. धावली असं म्हणता येणार नाही, पण चपला बाहेर राहिल्या.

मशीन बंद होतं. रामू स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होता. तिशीत मशीनवर उभा राहिलेला माणूस आता साठीला आला होता. कालिंदीच्या घरच्या गणपतीला तो दरवर्षी यायचा आणि मोदक मोजून पाच खायचा.

"रामू, घाडीगावकरांची थांबव."

"लावलीच नाय अजून."

"अकराला पाठवली मी."

रामूनं बशी खाली ठेवली. तिच्याकडं न बघता, मशीनकडं बघून म्हणाला, "बघितली. तुझं नाव नाय दिसलं. आता आपल्याला यादीत बोट घालायचं नाय, मोठे शेठ सांगून गेलेत. म्हटलं, आधी चा पिऊन घेऊ."

"किती वेळ?"

"हा तिसरा."

यादीत बोट घालायचं नाही, हा नियम होता. चहा प्यायचा नाही, असा नियम थोरल्या रेग्यांनी केलेला नव्हता.

विनीतला सांगावं लागलं. नऊपैकी दोन पत्रिका छापून गेल्या होत्या. त्या पुन्हा छापायच्या, तिनं सांगितलं, आणि घरोघर फोन मी करीन. विनीतनं डोक्याला हात लावला, मग काढला. "ताई," तो म्हणाला, "सतरापैकी एकच बाई आली ना? बाकीच्यांनी तर काही म्हटलं नाही."

"म्हणूनच," कालिंदी म्हणाली.

सोळा माणसं गप्प बसली होती, आणि त्या सोळांतली एक कोण हे विनीतला ठाऊक नव्हतं. पण मालकाला सगळंच ठाऊक असून चालत नाही. "करा," तो म्हणाला.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. जोडी असेल तर जोडी, नसेल तर एकटं नाव ही पूर्ण ओळ. एकशे चाळीस साच्यांना एकाच जागी केलेली दुरुस्ती लागू पडली. दाढीवाल्याचे बाण कामाला आले, हे तिनं मनातल्या मनात त्याच्या नावावर मांडलं. 'पूर्ण' हे नाव मात्र तिनं खोडलं, आणि त्या जागी 'लिहिलेलं' असं ठेवलं. नाव कुणीतरी लिहिलं आहे ना, एवढंच बघायचं. मग खोट्या घराण्यात तीन माणसं वाढवली: एक आजी, एक काका, एक आत्या. घराणं एकदम खरं वाटायला लागलं.

राधाबाईंची नवी पत्रिका कागदावर निघाली. 'कालकथित कोंडीराम गमरे', आणि त्याच्या खाली, सगळ्या जोड्यांच्या वर, 'आयु. राधाबाई कोंडीराम गमरे'. त्यांनी ती वाचली, घडी घातली, पिशवीत ठेवली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुजं नाव असतं का गं कुठल्या पत्रिकेत, का नुसती लोकांचीच लावते?"

"आहे," कालिंदी म्हणाली. "मागं छापतायत."

घरच्या पत्रिकेत मात्र एक गोष्ट अडली. नावाआधी लावणाऱ्या मदतनिसानं तिला 'कु.' लावलं होतं. नियमानं बरोबरच. एक्कावन्न वर्षांची कुमारी बघून वडाळ्याच्या मामी चार दिवस हसल्या असत्या. 'श्रीमती' लावलं तर नव्या शेजाऱ्यांचं खरं झालं असतं. तिनं तो रकाना रिकामा ठेवला. नुसतं नाव. रामूनं मशीन सुरू केलं.

संध्याकाळी ती पहिला गठ्ठा घेऊन लालबागला पोचली तेव्हा मालन देवापाशी दिवा लावत होती. श्रेयानं गठ्ठा हिसकावून घेतला, कागदाचा वास घेतला आणि तीनदा म्हणाली की रंग फोनवर वेगळा दिसत होता. अजितनं एक पत्रिका उचलली, वरची ओळ वाचली आणि काही न बोलता खाली ठेवली. हे न बोलणं वेगळं होतं. ते ओळखायला तिला अठ्ठेचाळीस वर्षं मिळाली होती.

"ताईनू," मालननं विचारलं, "तुमचा नाव नीट इला मा?"

"इला."

"रविवारी मी ह्यांका म्हटलंय, वडाळ्याची सगळी लटांबर नको, थयसून जोडप्यांचीच घाला. नायतर आमच्या माणसांका जागा खंयची?" मालननं हळदीकुंकवाची कोयरी पुढं केली. पहिली पत्रिका देवाची. तिच्या चार कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायचं असतं. "घ्या. मोठी तुम्ही."

कालिंदीनं हात धुतले, पदराला पुसले. एकेका कोपऱ्याला हळद लावली, कुंकू लावलं, आणि पत्रिका देवापुढं ठेवण्याआधी सवयीनं नावं मोजली. वरून खाली, मग खालून वर. एकवीस. जोड्या लावून एक उरत होतं. ते सगळ्यांत वर होतं.